दिसेल तेवढ्या अंतरात थांबता यावे

पुण्यात हौसेने सायकल चालवणारे पुष्कळ आहेत आणि पहाटे बोपदेव घाट, दिवे घाट किंवा सिंहगडाचा पायथा गाठून कामाच्या वेळेआधी घरी परतणाऱ्यांपैकी मीही एक होते. माउंटन बाइक घेतली ती याच सवयीच्या बळावर. पुढे सस्पेन्शन आणि मागे काही नाही, म्हणजे ज्याला स्वार हार्डटेल म्हणतात तशी साधी सायकल. रुंद टायर, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि बटण दाबताच सीट खाली नेणारा ड्रॉपर एवढी तिची सामग्री. मला लगेच वेताळ टेकडीवर जायचे होते. परंतु आमच्या गटात नव्या माणसाला टेकडीवर केव्हा न्यायचे हे ज्येष्ठ स्वार ठरवतात आणि ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांनी पहिले काही आठवडे टेकडीचे नावही काढू दिले नाही. शिकवणी मुरमाच्या एका मोकळ्या मैदानावर सुरू झाली आणि तिचा पहिला विषय थांबणे हा होता.

काकांनी बुटाच्या टाचेने जमिनीवर एक रेघ ओढली आणि रेघेपासून ठरावीक अंतरावर एक वीट ठेवली. रेघेपर्यंत सांगितलेल्या वेगाने यायचे, रेघ ओलांडताच ब्रेक लावायचा आणि विटेच्या आत थांबायचे. डांबरावर हे सोपे असते, मुरमावर नाही. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, पण सुट्या खड्यांवर पुढचे चाक अडकले की ते बाजूला सरकते आणि स्वार खांद्यावर आपटतो. मागचे चाक अडकले तर पडायला होत नाही, मात्र सायकल फरपटत पुढे जाते आणि जमिनीवर चरा उमटतो. म्हणून दोन्ही ब्रेकवर एकेकच बोट ठेवून दाब हळूहळू वाढवायचा, कंबर मागे आणि खाली न्यायची, टाचा खाली दाबायच्या, कोपरे मोकळी ठेवायची आणि नजर विटेवर न ठेवता तिच्या पलीकडे ठेवायची. जमिनीवर चरा दिसला की तो थांबा मोजला जात नसे. चरा उमटला याचा अर्थ सायकल स्वाराने थांबवली नाही, ती घसरत घसरत थांबली, असा काकांचा हिशेब होता.

या सरावामागचे गणित त्यांनी कागदावर करून दाखवले होते आणि ते मी आजही नव्या मुलांना दाखवते. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात चार मीटरांहून थोडी अधिक सरकते. ताशी २५ किलोमीटर वेगाला तेच अंतर सात मीटरांच्या जवळ जाते. समोर काही दिसल्यापासून बोटांनी ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच एवढी वाट सरलेली असते. त्यापुढचे ब्रेक लावल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १५ वरून २५ वर गेलेल्या स्वाराला जवळजवळ पावणेतीन पट अधिक अंतर लागते. टेकडीवरची वाट गिरिपुष्पाच्या झाडीतून वळत असेल, तर पुढचे दहा मीटरही दिसत नाहीत. तेथे ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारा माणूस कितीही कुशल असला, तरी वळणापलीकडे उभ्या असलेल्या आजींच्या आधी तो थांबू शकत नाही. वाटेवर कोणी नसेल असे गृहीत धरूनच तो ते वळण घेत असतो. दिसेल तेवढ्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा, हा आमच्या गटाचा पहिला नियम आहे, आणि मला असे ठामपणे वाटते की वाटेवरचे बाकीचे सर्व शिष्टाचार या एका नियमाच्या पोटात येतात. ज्याला थांबताच येत नाही, तो दुसऱ्याला वाट देणार तरी कशी?

मैदानावरचा दुसरा विषय हळू चालवण्याचा होता. चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, म्हणजे ताशी चार-पाच किलोमीटरने, पाय न टेकवता सरळ रेषेत सायकल चालवायची. काका स्वतः पुढे चालत आणि मी त्यांच्या मागे दोन हातांचे अंतर राखून सायकल चालवत असे. गिअर हलका, पायडलला सतत थोडा जोर, मागच्या ब्रेकवर बोटाचा किंचित भार आणि नजर दूर. याचा उपयोग काय, हे मला टेकडीवर गेल्यावर उमगले. पादचाऱ्याला घाईने ओलांडून जाणारे सगळेच स्वार उर्मट नसतात; त्यांच्यातील कित्येकांना एवढ्या संथ वेगात तोल सांभाळता येत नाही, म्हणून ते वेग टिकवून बाजूने निसटू पाहतात. सभ्यतेने वागण्यासाठीही हातात काही कौशल्य असावे लागते, आणि आमच्याकडे वेगाचा सराव सगळे करतात, संथपणाचा फारसा कोणी करत नाही.

वेताळ टेकडी पुणे शहरातील सर्वांत उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. गोखलेनगर, विधी महाविद्यालय, पाषाण, पंचवटी अशा अनेक बाजूंनी तिच्यावर वाटा चढतात. जुन्या खाणीच्या कडेला पहाटे मोर दिसतात, आणि त्याच पहाटे शहरातली शेकडो माणसे तेथे चालायला येतात. त्यांत गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेले आजोबा असतात, कानात इअरफोन घातलेल्या तरुण मुली असतात, सुटे सोडलेले पाळीव कुत्रे असतात आणि सुट्टीच्या दिवशी लहान मुलेही असतात. ही टेकडी त्यांनी अनेक वर्षे जपली आहे, झाडे लावली आहेत, पाणी वाहून नेले आहे, तिच्यावर रस्ता येऊ नये म्हणून आवाज उठवला आहे. त्यांच्या दृष्टीने आम्ही नंतर आलेले आहोत, आणि ते खरेच आहे.

म्हणून तेथे पहिल्यांदा गेलो तो दिवस आठवड्यातला कामाचा होता आणि वेळ पहाटेची गर्दी ओसरल्यानंतरची होती. सायकलला जुन्या पद्धतीची पितळी घंटा लावलेली होती. पाठीमागून जवळ जाऊन घंटा वाजवली तर माणूस दचकतो आणि नेमका सायकलच्या दिशेनेच उडी मारतो. म्हणून घंटा लांबून, वीस-पंचवीस पावलांवरून वाजवायची, वेग चालण्याइतका करायचा आणि तोंडाने बोलायचे. “नमस्कार काका, मागून सायकल येते आहे, सावकाश होऊ द्या.” कोणत्या बाजूने जायचे ते आपण ठरवायचे नाही. ते ज्या बाजूला सरकतील तिच्या उलट बाजूने जायचे, आणि ते सरकले नाहीत तर वाट रुंद होईपर्यंत मागे राहायचे. ओलांडताना “मागे अजून दोघे आहेत” असे सांगायचे आणि शेवटच्या स्वाराने “मी शेवटची” असे म्हणून आभार मानायचे, म्हणजे ओलांडून गेलेल्या पहिल्या सायकलीनंतर निर्धास्तपणे वाटेच्या मध्ये आलेला माणूस दुसऱ्या सायकलीसमोर सापडत नाही. इअरफोनमुळे घंटा ऐकू गेली नाही तर पुन्हा पुन्हा वाजवत राहू नये. उतरून, समोरच्या बाजूने दिसेल असे चालत पुढे जावे. हे सर्व करायला सकाळी अर्धा तास अधिक लागतो.

दोन सायकली समोरासमोर आल्या, तर चढणाऱ्याला वाट द्यायची, हा जगभर पाळला जाणारा संकेत आहे. चढावर तोल आणि दम एकदा तुटला की सुट्या मुरमावर पुन्हा सुरुवात करणे अवघड असते, तर उतरणाऱ्याला थांबून पुन्हा निघायला काहीच श्रम पडत नाहीत. उतरणाऱ्याने बाजूला व्हायचे, पण वाट सोडून झुडपात शिरायचे नाही. जेथे वाटेला आपोआप रुंदी आहे तेथे पाय टेकवून थांबायचे. थांबताना पाय चढाच्या बाजूला टेकवायचा, कारण उताराच्या बाजूला जमीन खाली असते आणि पाय पोहोचेपर्यंत सायकलसह माणूस कलंडतो.

काका हे सारे शिकवताना कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीचा दाखला देत, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आज जिला माउंटन बाइक म्हणतात तिची घडण तेथे, माउंट टॅमलपायसच्या परिसरात झाली. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका तीव्र उताराच्या मातीच्या रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी जुन्या जड सायकलींची शर्यत लावली. उतार एवढा की मागच्या चाकातील ब्रेकचे ग्रीस तापून जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. त्यावरून त्या वाटेचे नाव ‘रीपॅक’ पडले. जो कोणी या छंदाविषयी वाचतो त्याला ही कथा ठाऊक असते. तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. सायकली वाढल्या, चालणाऱ्यांच्या आणि घोडेस्वारांच्या तक्रारी वाढल्या आणि ज्या डोंगरावर हा छंद जन्मला त्याच डोंगराच्या बहुतेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. रुंद मातीच्या रस्त्यांवर ताशी १५ मैलांची, म्हणजे २४ किलोमीटरांची मर्यादा आली; आंधळ्या वळणावर आणि कोणाला ओलांडताना ती ५ मैलांची, म्हणजे ८ किलोमीटरांची. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील सायकल संघटनांनी एकत्र येऊन इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन स्थापन केली, तिच्यामागे वाटा अशा बंद होत चालल्याची चिंता होती. खुल्या असलेल्या वाटांवरच चालवा, मागे खूण ठेवू नका, सायकल ताब्यात ठेवा, इतरांना वाट द्या, प्राण्यांना घाबरवू नका आणि तयारीनिशी निघा, हे त्या संस्थेचे नियम आज अनेक देशांतील स्वार मानतात.

मात्र हे नियम आपल्या डोंगरांवर आणताना त्यांत भर घालावी लागते, कारण तेथील वाटा मुख्यतः फिरायला येणाऱ्यांच्या असतात आणि आपल्याकडच्या वाटांवर माणसांचे पोट चालते. हे मला टेकडीवरून बाहेर पडून सासवड, जेजुरीच्या बाजूच्या माळरानांवर गेल्यावर कळले. तेथे ट्रेल म्हणून वेगळे काही नसते. गुरे नेण्याची वाट, दोन शेतांमधली पाणंद, वनविभागाने वणवा अडवण्यासाठी काढलेली जाळरेषा, ओढ्याच्या कडेची पायवाट, असे तुकडे जोडत जावे लागते. प्रत्येक तुकडा कोणाचा तरी आहे. बांधावरून सायकल नेली तर बांध ढासळतो, म्हणून बांधावर उतरून सायकल खांद्यावर घ्यायची. काट्याची फांदी ओढून केलेले फाटक उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंद, जसे मिळाले तसे ठेवायचे. विहिरीवर पाणी भरण्यापूर्वी विचारायचे. अभयारण्याच्या किंवा वनविभागाच्या हद्दीत फलक काय सांगतो ते वाचायचे आणि सायकलीला मनाई असेल तर तेथून परतायचे. फलक जुना आहे, रखवालदार नाही, असली सबब चालत नाही.

दिवाळीनंतर धनगरांचे कळप कोकणाकडे निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. एका अरुंद वाटेवर असा मोठा कळप आमच्या समोर आला. सोबत घोडे होते, त्यांच्या पाठीवर संसार बांधलेला होता, वर कोकरे आणि कोंबड्या. आम्ही लांबच थांबलो, सायकलींवरून उतरलो आणि वाटेच्या खालच्या बाजूला झालो, कारण बिथरलेले जनावर बहुधा चढाच्या दिशेने पळते. काकांनी सर्वांना हेल्मेट आणि गॉगल काढायला सांगितले. हेल्मेट-गॉगल घातलेला, चमकदार कपड्यांतला, वाकून बसलेला माणूस जनावरांना माणूस वाटतच नाही. चेहरा दिसला आणि बोलण्याचा आवाज आला की ती शांत राहतात. कुत्रे धावून आले. सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरून, न पळता, न ओरडता उभे राहिले की ते भुंकतात आणि राखणदार येईपर्यंत अंतर राखतात. पुढे चालणाऱ्या बाईंना काकांनी विचारले, “मावशी, आम्ही कुठून जाऊ?” त्या म्हणाल्या, “जाऊ नका, थांबा. मेंढरं गेली की मग जा.” कळप जायला बराच वेळ लागला. त्या वेळात त्यांच्याकडूनच पुढच्या ओढ्यात पाणी किती आहे आणि कोणती वाट खचली आहे हे समजले.

पावसाळ्याविषयी थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते, कारण याबाबतीत मी अनेक स्वारांशी वाद घातला आहे आणि घालत राहीन. पहिल्या सरी पडल्या की डोंगर हिरवे होतात आणि सर्वांना तेव्हाच जायचे असते. नेमकी तेव्हा माती सर्वांत दुबळी असते. भिजलेल्या मातीत टायरचा खोल पट्टा उमटला की पुढची सर त्याच पट्ट्यातून वाहते, पट्ट्याची नाली होते, आणि एका पावसाळ्यात जी वाट पायाखालची होती ती गुडघाभर खोल घळ बनते. मग स्वार आणि पादचारी दोघेही घळीच्या कडेने चालतात आणि वाट रुंदावत जाऊन गवत मरते. चिखलाच्या डबक्याला वळसा घालणे हेही तेच करते. डबके मधूनच, सावकाश पार करावे किंवा उतरून सायकल उचलावी. आमचा संकेत असा आहे की टायरची खूण जमिनीत रुतू लागली की परत फिरायचे, मग गटात कोणी कितीही लांबून आलेले असो. मुरमाड किंवा कातळाच्या वाटा पाऊस थांबल्यावर लवकर निचरतात, काळ्या मातीच्या वाटा कित्येक दिवस निचरत नाहीत; आणि काळी माती तर चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये बसून सायकलच अडवते.

सड्यांची गोष्ट याहून नाजूक आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील सडे वरवर उघडे खडक वाटतात, पण त्यांच्यावर बोटभर जाडीचा मातीचा थर असतो आणि पावसाळ्यात त्याच थरावर काही आठवड्यांची सृष्टी उगवते. सातारा जिल्ह्यातील कास पठार पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले आणि तेथे फुलांच्या हंगामात प्रवेशावर नियंत्रण आहे. पण ज्या सड्यांना नाव नाही, फलक नाही, कुंपण नाही, त्यांवरही तीच फुले असतात. तेथे पक्की वाट सोडून चाक घालायचेच नाही. माळरानावरही उन्हाळ्यापासून टिटवी उघड्या खड्यांतच अंडी घालते आणि चंडोल गवताच्या बुडाशी घरटे करतो. टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागली, तर ती आपल्याला तिथून जायला सांगते आहे एवढे समजावे आणि आल्या वाटेने मागे जावे.

आणि समतल चर. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर पावसाचे पाणी मुरावे म्हणून वनविभागाने आणि गावकऱ्यांनी उताराला आडवे चर खणले आहेत. खणलेली माती खालच्या कडेला रचलेली असते आणि तो मातीचा उंचवटा उडी मारण्यासाठी आयता सापडतो. मी तरुण मुलांना तेथे उड्या मारताना पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी थांबून त्यांच्याशी बोलले आहे. उंचवटा एका जागी खचला की चरात साठलेले सगळे पाणी तेवढ्याच वाटेने निसटते, खालचा चर फोडते आणि त्याखालचाही. कोणीतरी कुदळीने दिवसच्या दिवस केलेले काम एका हंगामात वाहून जाते. बहुतेक मुलांना हे चर कशासाठी आहेत हेच ठाऊक नसते. सांगितल्यावर ती ऐकतात.

आता मर्यादेविषयी. उत्तर अमेरिकेतील बाइक पार्कमध्ये वाटेच्या तोंडाशीच खूण असते: हिरवे वर्तुळ म्हणजे सोपी, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा डायमंड म्हणजे अवघड, दोन काळे डायमंड म्हणजे अत्यंत अवघड. आपल्या डोंगरात अशी खूण कोठेही नाही, त्यामुळे ती ज्याची त्याने मनात करायची असते. काकांनी मला अवघडपणा आणि परिणाम या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला शिकवले. दोन फुटांची पायरी मैदानावर असली काय आणि दरीच्या कडेला असली काय, उतरण्याचे कौशल्य तेच लागते. चुकल्यानंतरचे चित्र मात्र सारखे नसते. मैदानावर आपल्याला दहापैकी नऊ वेळा जमते, तेव्हा ती जमते असे आपण म्हणतो. दरीच्या कडेला ती एक वेळ मोजायची असते.

बोपदेव घाटाच्या माथ्याकडे कातळाच्या ओबडधोबड पायऱ्यांचा एक उतार आहे. माझ्या बरोबरीचे स्वार तो उतरत आणि मी सायकल हातात धरून चालत उतरत असे. प्रत्येक वेळी चालताना मी पाहत असे: पुढचे चाक कोठून जाईल, पाय टेकवायला जागा कोठे आहे, तोल गेला तर शरीर कोणत्या बाजूला पडेल, पायऱ्या संपल्यावर वेग कमी करायला सरळ जागा किती आहे. तशाच उंचीची पायरी मी मैदानावर विटा रचून उतरत राहिले. पावसाळ्याने मधली एक पायरी उखडली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून पाहावे लागले. एका हिवाळ्यात मी वरचा अर्धा भाग उतरले आणि खालचा अर्धा चालले, आणि बरेच दिवस तसेच चालू राहिले. नंतर एका सकाळी, अंग ताजे असताना, वाट कोरडी असताना आणि खाली दोन सहकारी उभे असताना, मी तो पूर्ण उतरले. मला जो आनंद झाला तो उतरल्याचा होताच, पण त्याहून अधिक आनंद असा की उतरताना भीती वाटली नाही, प्रत्येक पायरीवर मी थांबू शकले असते. तीच वाट दुपारी थकून परतताना आली तर मी आजही चालत उतरते.

थकव्याची ही बाब मी एका सहकाऱ्याच्या अपघातातून अधिक जवळून पाहिली. लांबच्या फेरीचा शेवटचा उतार होता, एप्रिलचे ऊन चढले होते, पाणी संपत आले होते. एक तरुण स्वार, जो एरवी सतत बोलत असे, बराच वेळ गप्प होता. ब्रेक धरून धरून बोटांतली ताकद गेली की माणूस ब्रेक लावतो पण पुरेसा लागत नाही. त्याचे तेच झाले. कॉलरबोन मोडले आणि घोटा मुरगळला. मोबाइलला रेंज नव्हती. एकाने कड्यावर चढून १०८ ला फोन लावला, पण रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंतच येऊ शकत होती. जवळच मेंढरे चारणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी आपली घोंगडी दिली, शेतातून दोन माणसे धावत आली, घोंगडीची झोळी करून त्यांनी त्याला ओढ्यापलीकडे नेले आणि तेथून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रस्त्यापर्यंत. त्यांची दुपार गेली, बाबांची मेंढरे तोवर एका लहान मुलाने सांभाळली. पैसे देऊ केले तेव्हा त्यांनी घेतले नाहीत. आपली मर्यादा ओलांडणे ही आपली खासगी बाब आहे, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ही दुपार सांगते.

त्यानंतर आमच्या गटाने फेऱ्या आखण्याची रीतच बदलली. सर्वांत अवघड उतार फेरीच्या पहिल्या अर्ध्यात येईल अशी वाट आखायची. मार्च ते जूनमध्ये दहाच्या आत परतायचे आणि प्रत्येकाने किमान तीन लिटर पाणी घ्यायचे. घरच्या एका माणसाला वाट आणि परतीची वेळ कळवून निघायचे. अंधार पडण्यापूर्वी डोंगर सोडायचा, कारण ती वेळ बिबट्याची आणि इतर प्राण्यांची असते. आणि कोणीही, कोणत्याही जागी, “मला नको” म्हटले तर कारण विचारायचे नाही. थट्टा करायची नाही आणि आग्रहही नाही. हा शेवटचा नियम पाळणे सर्वांत कठीण गेले. गटात एकजण चालत उतरू लागला की बाकीच्यांना “अरे, जमेल तुला” म्हणावेसे वाटते, त्यात प्रेमच असते, पण ज्याचे पाय थरथरत आहेत त्याच्यावर ते ओझे होते. आता आमच्यातले दोन अनुभवी स्वार मुद्दाम काही उतार चालत उतरतात, म्हणजे नव्या माणसाला एकटे चालावे लागत नाही.

अलीकडे बॅटरीच्या मदतीने चालणाऱ्या सायकली टेकडीवर येऊ लागल्या आहेत. त्या चढावरही चांगल्या वेगाने येतात, त्यामुळे चढणाऱ्याला वाट देण्याच्या संकेतामागचे कारण त्यांना लागू पडत नाही, आणि वरून येणारा पादचारी खालून एवढ्या वेगाने काही येईल अशी अपेक्षाही करत नाही. आमच्या गटात अशा सायकलीने चढतानाही सर्वांसाठी थांबायचे असे ठरले आहे. दुसरा प्रश्न स्ट्राव्हाचा, म्हणजे स्वारांच्या वेळा नोंदवून त्यांची क्रमवारी लावणाऱ्या मोबाइल अ‍ॅपचा होता. टेकडीवरच्या एका उताराचा तुकडा कोणीतरी तेथे नोंदवला होता आणि सकाळच्या गर्दीच्या वेळीही स्वार तेथे सेकंद वाचवण्यासाठी उतरत असत. त्या क्रमवारीत आमच्याच गटातील काहींची नावे वर होती, म्हणून चर्चा लांबली. अखेरीस आम्ही तो तुकडा धोकादायक म्हणून नोंदवला आणि त्याची क्रमवारी दिसेनाशी झाली. ज्यांची नावे वर होती, त्यांतील एकानेच ती नोंद केली.